भिंत आणि ओढा यांच्यामधली जागा

ओरोसी,
११ मे १९९६

प्रिय झेल्मिरा,

तुझे पत्र परवा मिळाले. तू आणि यामिलेथ दोघी मायलेकी सुखरूप असाल, आणि सान रामोनचे धुके तुझ्या गुडघ्यांना फारसे छळत नसेल, अशी आशा करते. मी बरी आहे. डोळे चांगले आहेत, दातांविषयी न बोललेले बरे. तुझे यजमान गेल्याचे मला तुझ्या पत्रातूनच कळले. दोन वर्षे उशिरा सांत्वन करते आहे. माझ्या कानावर आले नव्हते एवढे समजून घे.

पाकिटावर तू नुसते ‘ओदिलिया ब्रेनेस, ओरोसी’ एवढेच लिहिले होतेस, म्हणून पोस्टमन ते एलिएथबाईंच्या दुकानात ठेवून गेला. बाईंनी ते उजेडासमोर धरून पाहिले, हातात वजन करून पाहिले आणि मला म्हणाल्या, "तुला पत्र? वर गेलेल्यांपैकी कुणी पाठवलंय का बघ आधी." मी हसले. पण त्यांचे फारसे चुकले नव्हते. सरकारी पाकिटे सोडली तर गेल्या आठ वर्षांत माझ्या नावाचे हे पहिलेच पत्र.

तू आठ ओळींत विचारले आहेस की तुझ्या खोलीची एकुलती एक खिडकी घराच्या मागे उघडते, तिथे भिंत आणि ओढा यांच्यामध्ये चार पावले रुंदीची पट्टी आहे, वर पोरोच्या मोठ्या झाडाची सावली आहे, वर्षभर ओल असते, जिरेनियम लावले ते कुजले, गुलाब लावले ते मेले. तर तिथे फुलेल असे जगात काही आहे का? आणि शेवटी लिहिले आहेस, ‘अर्थात माझा हात लागला की फूल बिघडते, हे तुझ्याइतके कोणाला ठाऊक असणार.’

त्या शेवटच्या ओळीविषयी नंतर कधीतरी. आधी पट्टी.

झेल्मिरा, लोक अशा जागेला वाया गेलेली जागा म्हणतात, आणि मला त्यांची कीव येते. कोवळ्या देठांची, पाणीदार, एका पावसाळ्यात आयुष्य उरकणारी कितीतरी फुले अशाच जागेची वाट पाहत असतात. ऊन त्यांना भाजते. कोरडी हवा त्यांना दुपारपर्यंत मान टाकायला लावते. जिरेनियमला तू ओलीत घातलेस म्हणजे मांजराला तळ्यात सोडलेस. दोष मांजराचा नाही आणि तळ्याचाही नाही.

मात्र ओल आणि दलदल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपली पट्टी कोणत्या जातीची आहे हे अंदाजाने ठरवायचे नसते. वीतभर खोल आणि तेवढाच रुंद खड्डा खण. तो पाण्याने काठोकाठ भर आणि मुरू दे. मग पुन्हा भर, आणि या दुसऱ्या वेळेस घड्याळ पाहा. दोन-तीन तासांत खड्डा रिकामा झाला तर ती ओल. दुसऱ्या दिवशीही तळाशी पाणी दिसले तर दलदल. तिथे मुळे तहानेने नव्हे, श्वास कोंडून मरतात. असे असेल तर आपण माती उचलून गादीवाफा करू. घाबरण्यासारखे काही नाही.

दुसरे काम सावलीचे. एक पूर्ण दिवस खिडकीत बस. दर तासाला वहीत पट्टीचे चित्र काढ आणि उन्हाचा कवडसा जिथे पडला असेल तिथे पेन्सिलीने खूण कर. पानांतून गाळून येणारा उजेड आणि भिंतीचा घट्ट अंधार यांना आपण एकच नाव देतो, पण रोपाला त्यातला फरक पोटापाण्याइतका महत्त्वाचा असतो.

ही दोन कामे करून मला कळव. पुढचे मग सांगेन. घाई करू नकोस.

तुझी,
ओदिलिया


ओरोसी,
५ जून १९९६

प्रिय झेल्मिरा,

तुमचे कुशल वाचून आनंद झाला, आणि त्याहून आनंद झाला तो तुझे चित्र पाहून. ‘अडीच तास’ हे शब्द मी मोठ्याने वाचले. अडीच तास! यापेक्षा चांगले उत्तर कोणतीही जमीन देऊ शकत नाही. शिवाय सकाळी सात ते साडेआठ डाव्या टोकाला कोवळे ऊन. तुझ्या खिडकीबाहेर राजवाडा आहे आणि तू त्याला बोळ म्हणतेस.

आता कोण कुठे राहील ते ठरवू. डावीकडे, सकाळच्या उन्हात, मेणबेगोनिया. ओढ्याच्या कडेला तोरेनिया, निळीजांभळी, गळ्याशी पिवळा ठिपका असलेली. ती पाण्याच्या जवळ खूश असते. आणि मधला सगळा भाग, जिथे नुसता गाळलेला उजेड आहे, तो आपल्या चिनांचा. आपण तिला चिना म्हणतो, पण आहे ती तेरड्याच्याच कुळातली: तोच काचेसारखा देठ, तीच पिकलेली शेंग, बोट लावताच फुटणारी.

तिन्हींचे बी सोबत पाठवते आहे. तोरेनिया आणि बेगोनिया विकतचे आहेत. चिनांचे बी मी माझ्या घरामागच्या ओहोळावरून, आपोआप उगवलेल्या झाडांवरून घेतले आहे. ते कोणते रंग देईल हे मी सांगू शकत नाही आणि तूही विचारू नकोस. आपण दोघी जिथे कामाला होतो, त्या बियाण्याच्या मळ्यातले बी वेगळे होते. तुला हे सगळे ठाऊक आहे, पण सांगितल्याशिवाय मला राहवत नाही: आई पांढरी, बाप लाल, प्रत्येक फुलाचे लग्न आपल्या हाताने लावलेले. फूल उमलता उमलता परागांची ती इवलीशी टोपी चिमट्याने उचलायची, ती फुटायच्या आत. मग बापाचा पराग लावायचा आणि देठाला आपापल्या रंगाचा धागा बांधायचा. पुढे चाचणीच्या वाफ्यात भलत्या रंगाचे रोप उगवले तर धाग्यावरून कळे की टोपी कोणाच्या हातून राहिली. तुझा धागा निळा होता. माझा पिवळा.

असो. पेरणी.

पसरट लाकडी खोक्याच्या तळाला भोके पाड. कुजलेल्या पानांची माती दोन भाग आणि नदीची वाळू एक भाग, दोन्ही चाळून घे. उकळते पाणी ओतून माती भाजून काढ आणि पूर्ण गार होऊ दे. बी वरून शिंपड. झाकू नकोस! बाकी सगळ्या बियांना आपण पांघरूण घालतो, पण या तिघींना उगवण्यासाठी उजेड लागतो; मातीखाली गाडलेस तर त्यांना अजून दिवस उजाडलाच नाही असे वाटते. हाताने हलकेच दाब, एवढे पुरे. पाणी वरून घालायचे नाही. खोका पाणी भरलेल्या परातीत ठेव, माती खालून आपल्याला हवे तेवढे पिईल. वर काच ठेव. दोन ते तीन आठवडे.

उगवल्यावर काय करायचे ते उगवल्यावर.

इथे ‘मांजराचे केस’ सकाळपासून पडत आहेत. या झिमझिमीला असे नाव कोणी दिले असेल, त्याने नक्कीच मांजर मांडीवर घेऊन खिडकीत पुष्कळ दुपारी काढल्या असतील. माझ्याकडे मांजर नाही. मी उकळत्या पाण्यात गुळाचा खडा टाकते आणि दोन पेल्यांत ओतते. ही जुनी सवय आहे. मग दुसरा पेलाही मीच पिते.

तुझी,
ओदिलिया


ओरोसी,
१३ जुलै १९९६

प्रिय झेल्मिरा,

तुम्ही दोघी ठीक असाल. मी ठीक आहे.

तुझे पत्र वाचले. रोपे उगवली, सगळी उगवली, आणि नवव्या दिवशी सकाळी देठाशी बारीक होऊन आडवी पडली. तू लिहितेस, ‘पाहिलेस ना? मी काल फक्त हात लावून पाहिला होता.’

हे वाक्य मनातून खोडून टाक. खरेच, पेन घे आणि तुझ्याजवळ माझी पत्रे असतील त्यावर लिही: रोपे हात लावल्याने मरत नाहीत. ही बुरशी आहे. ती मातीच्या अगदी वरच्या थरात राहते आणि कोवळा देठ जमिनीला टेकतो तिथेच चावते. तिला तीन गोष्टी हव्यात: दाटी, कोंडलेली हवा आणि सतत ओला पृष्ठभाग. तू काच काढली नव्हतीस. का काढली नव्हतीस? कारण उगवल्यावर काच काढायची हे मी लिहिलेच नव्हते. ‘उगवल्यावर काय करायचे ते उगवल्यावर,’ असे लिहून मी मोठ्या तोऱ्यात पत्र संपवले होते. चूक माझी आहे.

नवे बी पाठवते. या वेळी विरळ पेर, पहिले हिरवे टिंब दिसताच काच काढ, खोका उंच ठेव म्हणजे वारा खेळेल. रोपाला खरी पाने चार झाली की पट्टीत लाव, एकमेकांपासून वीतभर अंतरावर. दाट लावलीस तर ती उजेडासाठी एकमेकींच्या खांद्यांवर चढतात आणि नुसत्या काठ्या होतात.

एलिएथबाई आता मला पाहिले की दुकानातूनच ओरडतात, "आज नाही आलं गं तुझ्या सान रामोनच्या नवऱ्याचं!" सगळे गिऱ्हाईक हसते. मीही हसते आणि उगीच एक काडेपेटी विकत घेते. घरात आता सोळा काडेपेट्या आहेत.

तुझ्या हाताविषयी तू प्रत्येक पत्रात लिहितेस. मी प्रत्येक वेळी त्यावर लिहायला बसते आणि मातीवर लिहून उठते.

तुझी,
ओदिलिया


ओरोसी,
४ सप्टेंबर १९९६

झेल्मिरा,

या वेळी कुशल विचारत नाही; विचारले तर मी पुन्हा तिथेच रमेन.

तू लिहितेस की रोपे जगली, वीतभर उंच झाली, पाने तळहाताएवढी आणि गर्द हिरवी, पण एकही कळी नाही. ओढ्याच्या कडेची तोरेनियासुद्धा नुसती पाने. शेजारणीने कोंबड्यांचे खत दिले होते, ते तू दर आठवड्याला घातलेस, ‘निदान खायला तरी कमी पडू नये म्हणून.’ तरी काही नाही. आता यामिलेथ पंधरा तारखेच्या स्वातंत्र्यदिनाच्या सुट्टीत गवंडी बोलावून ती पट्टी सिमेंटने भरून टाकणार आहे, आणि तूच तिला हो म्हणालीस. ‘माझ्या हाताला फूल येत नाही हे मला चौऱ्याहत्तरलाच कळले होते. तुला उगीच चार महिने त्रास दिला.’

हे वाचून मी रविवारी चर्चमधून थेट आपल्या मळ्याच्या बेलिसारियोसाहेबांकडे गेले. ते आता ऐंशी वर्षांचे आहेत, मुलीकडे राहतात, व्हरांड्यात ब्लँकेट घेऊन बसतात. मी उभ्याउभ्याच सगळे सांगून टाकले. त्यांनी पूर्ण ऐकले आणि म्हणाले, "आपल्या मळ्यात आता चायोतेच्या भाजीच्या वेलांचे मांडव आहेत, ओदिलिया. मला हे सांगून काय उगवणार?" मग विचारले, "तिला सांगितलंस?"

मी नाही म्हटले.

"मग इथे काय करतेस?"

म्हणून हे लिहिते आहे.

१९७४च्या मार्चमध्ये तुझ्या आईच्या डोळ्याची पट्टी काढायची होती. तू तिला पहाटेच्या बसने कार्तागोला घेऊन गेलीस. तुझी गैरहजेरी लागू नये म्हणून आदल्या संध्याकाळी तू निळ्या धाग्याचे रीळ माझ्या खिशात टाकलेस. आपण सगळ्याच जणी एकमेकींसाठी हे करत होतो; तूही माझा पिवळा धागा कितीदा बांधला असशील. तर त्या सकाळी माझ्याकडे दोन रांगा होत्या, तुझी आणि माझी. मी आधी माझी केली.

हे वाक्य मी बावीस वर्षे कोणाला सांगितले नव्हते. आधी माझी केली, सावकाश केली, नेहमीसारखी नीट केली. तुझ्या रांगेशी पोहोचले तोवर धुके उठले होते आणि ऊन छपरावर आले होते. टोप्या फुटू लागल्या होत्या. माझ्या बोटांना पिवळी पूड लागली. पूड दिसली की फूल तोडून टाकायचे, हा नियम नव्या मुलींना मीच शिकवत असे. तोडली असती तर तुझ्या रांगेत फुले कमी भरली असती, साहेबांनी विचारले असते, आणि आपण दोघीही सापडलो असतो. मी तोडली नाहीत. त्यांच्यावर पराग लावल्यासारखे केले आणि निळा धागा बांधत गेले. किती फुले होती, ते मोजले नाही. प्रत्येक गोष्ट मोजणारी मी, ती मोजली नाहीत.

पुढचे तुला माहीत आहे, पण फक्त तुझ्या बाजूने. चाचणीच्या वाफ्यात जिथे एकच रंग यायला हवा होता, तिथे मधूनमधून आईसारखी पांढरी फुले आली. साहेब कागद घेऊन शेडच्या दाराशी आले आणि म्हणाले, "निळा कुणाचा?"

"माझा," तू म्हणालीस.

"तुझा? मळ्यातला सगळ्यात चांगला हात म्हणून मी ज्याला त्याला तुझं नाव सांगतो, झेल्मिरा."

तू दोन्ही हात उलटे-सुलटे करून पाहिलेस. मला ते आज या क्षणी दिसते आहे. मग म्हणालीस, "चुकला असेल, साहेब. मला कळलंसुद्धा नाही."

धाग्यावर तारीख नसते. मार्चमधल्या त्या एका सकाळची तुला आठवण येण्याचे काही कारण नव्हते. ती फक्त मला होती. मी तुझ्यापासून दोन पावलांवर चिमटा हातात घेऊन उभी होते. त्याच आठवड्यात मुकादमबाई नेमायची होती आणि यादीत दोनच नावे होती. तू कामावरून गेलीस, एक उरले. मी अठरा वर्षे मुकादमबाई होते. त्या काळात माझ्याजवळ पुष्कळ कारणे होती: आपण दोघी गेलो असतो तर कोणाचे भले झाले असते, तुझे लग्न ठरलेच होते, तू तसेही सोडणारच होतीस. मी ती कारणे नीट लावून ठेवली होती, जशी बियांची पाकिटे लावते. आज एकही उगवणक्षम नाही.

फाटकाशी तू मला मिठी मारून म्हणालीस, "तू तरी हात सांभाळ गं." त्यानंतर तू मला पत्र लिहिले नाहीस, कारण तुला लाज वाटत होती. मी लिहिले नाही त्याचे कारण वेगळे.

म्हणजे बावीस वर्षे तू ज्या हाताला दोष देत आलीस, तो हात त्या सकाळी तिथे नव्हताच. तो कार्तागोच्या दवाखान्यात आईचा हात धरून बसला होता. हे पत्र यामिलेथला वाचायला दे. तिच्या आईचे नाव आमच्या मळ्यात कशासाठी घेतले जात होते, हे तिला कळले पाहिजे, आणि ते सिमेंट येण्याआधी कळले पाहिजे.

अजून एक कबुली द्यायची आहे, तीही लहान नाही. तुझ्या पहिल्या प्रश्नाचे संपूर्ण उत्तर एका पत्रात देता आले असते. मी ते तोडून तोडून दिले. खड्डा एका पत्रात, पेरणी दुसऱ्यात, ‘पुढचे मग’. तुझ्याकडे विचारायला काहीतरी शिल्लक राहावे आणि पाकीट येत राहावे, म्हणून. त्यापायी तुझी पहिली रोपे मेली. तेव्हा ‘चूक माझी’ असे मी लिहिले खरे, पण ती कशाची चूक होती ते लिहिले नाही.

म्हणून आता सगळे, शेवटपर्यंत.

तुझ्या रोपांना काहीही झालेले नाही. कोंबडीच्या खताने त्यांना इतके खाऊ घातले आहे की फुलायची आठवणच राहिलेली नाही. भरल्या पोटी रोप पाने काढते, बी धरायची घाई त्याला भूक लागल्यावर होते. खत आजपासून बंद. वरचा थर बोटभर खरवडून काढ आणि नुसती पानांची माती घाल. सगळ्यात उंच शेंडे दोन पेरांवर खुड. तीन-चार आठवडे काही करू नकोस. हे सर्वांत कठीण काम आहे. मग देठांच्या खाचांत गव्हाच्या दाण्याएवढ्या कळ्या दिसतील.

गोगलगायी ओढ्याकडून येतील. फळी पालथी टाकून ठेव, सकाळी तिच्याखाली गोळा झालेल्या सापडतील. पाणी दिलेस तर सकाळी आणि मुळाशीच, पानांवर कधीही नाही. एखाद्या रोपाची पाने फिकी पडून खाली वळली, तर उलटून पाहा. खाली पांढरी पूड असेल तर ते रोप मुळासकट पिशवीत घालून टाकून दे, आणि पुढच्या वर्षी त्या जागी चिना लावू नकोस, तोरेनिया लाव. डिसेंबरात वारे सुटले की शेंगा फुगतील. त्या फुटण्याआधी, दोन्ही टोकांनी पारदर्शक दिसू लागल्या की, पातळ कापडाची पुरचुंडी बांधून काढ. बी सावलीत वाळव, कागदी पाकिटात ठेव. पुढच्या मेमध्ये त्यातून तुझ्या बागेचे स्वतःचे रंग येतील, माझे नाहीत. उरलेले आपोआप ओढ्याच्या कडेला सांडेल आणि आपली जागा आपण शोधेल.

एवढेच आहे. यापुढे तुला मला विचारावे लागेल असे काहीही शिल्लक ठेवलेले नाही. त्यानंतरही कधी लिहिलेस, तर ते फुलांसाठी नसेल, हे मला कळेल. आणि नाही लिहिलेस, तर तेही कळेल.

‘तुझी’ असे लिहायचा हक्क आज माझ्याकडे नाही,

ओदिलिया